बाबांची हिंदी

विद्युल्लता आगाशे बनारसमधल्या एका बँकेत शाखेची मॅनेजर होती. १९९६ साली शाखेत कॉम्प्युटर आले आणि तिची घरी यायची वेळ लांबतच गेली. मशीन अडलं की सगळे तिच्याकडे धावत. रविवारीही "जरा बघून येते" म्हणून ती निघे.

घरी नवरा रत्नाकर, इंटर कॉलेजात गणित शिकवणारा, आणि तिचे वडील शिवरामपंत. पाठशाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेल्या या माणसाची स्मरणशक्ती आता विरत चालली होती.

एका दुपारी शिवरामपंत एकटेच घराबाहेर पडले. रत्नाकरने बँकेत पुन्हा पुन्हा फोन केला. पण ऑडिटर आले होते, आणि मला एकही फोन जोडू नका, असं विद्युल्लतेनंच बजावलं होतं. शेवटी राजा घाटावरच्या एका नावाड्याने त्यांना ओळखलं आणि घरी पोचवलं. ती आली तेव्हा ते पलंगावर बसले होते. गुडघा सोलला होता.

"एक फोन घेतला असतास..." रत्नाकर म्हणाला.

त्या आठवड्यात ती कालिंदीताईंकडे गेली. एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागातून निवृत्त झालेल्या कालिंदीताई कामाखाली दबलेल्या लोकांशी आपल्या व्हरांड्यात बसून बोलत. त्याला त्या कोचिंग म्हणत.

"कोचिंग?" रत्नाकरला हसू आलं. "आता कुठली एन्ट्रन्स देणार आहेस?" बनारसमध्ये कोचिंग म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलांचे क्लास, एवढंच ठाऊक होतं.

कालिंदीताईंनी ना उपदेश केला, ना वेळापत्रक हातात दिलं. त्यांनी विचारलं, "काल संध्याकाळी बँकेत थांबून जे केलंस, त्यातलं तुझ्यावाचून काय अडलं असतं?"

ती तावातावाने सांगू लागली. ताई ऐकत राहिल्या आणि प्रत्येक कामाला एकच विचारत, "हे मोहनला येत नाही?" मोहन तिचा असिस्टंट मॅनेजर. त्याला बहुतेक सगळं येत होतं.

"मग थांबतेस कशासाठी?"

विद्युल्लता चिडली. चहा तसाच टाकून उठली. पण पुढच्या रविवारी परत आली आणि दारातच म्हणाली, "ताई, घरी जायची भीती वाटते. आमच्या घरात मराठी, बाहेर हिंदी. बाबा रत्नाकरशी अजून मराठीत बोलतात. मला बघितलं की विचारतात, 'बहनजी, किससे मिलना है?' बँकेत निदान सगळे मला ओळखतात."

कालिंदीताईंनी तिला आत घेतलं. तिच्यासमोर चहा ठेवून म्हणाल्या, "हे दुखणं मला बरं करता यायचं नाही. पण ते बँकेत लपवून ठेवायचं की घरी त्याच्यासमोर बसायचं, एवढं तुझ्या हातात आहे."

तिने हळूहळू मोहनवर कामं सोपवली. त्याच्या चुका झाल्या, वरून फोन आले, रीजनल मॅनेजरनी "आपका मन नहीं लग रहा" असं सुनावलं. पुढच्या बढतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ते तिला लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली. तरी दिवेलागणीला ती घरी असे. बाबांना वरणभात भरवी. ते "धन्यवाद, बहनजी" म्हणत.

एका संध्याकाळी त्यांनीच तिला जवळ बसवलं. "बैठिए. मेरी बिटिया बैंक में है. आती होगी."

तिने विचारलं, "नाराज़ हैं उससे?"

"नाराज़ काहे को?" ते नवलाने म्हणाले. "थक जाती होगी बेचारी. आप मिलें तो कहिएगा, खाना खा ले."

तिला सांगावंसं वाटलं, बाबा, मीच ती. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता की ती "कह दूँगी" एवढंच बोलली.

माघात ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी तिला ओळखलं नाही. मणिकर्णिकेवरून परतल्यावर ती कालिंदीताईंना म्हणाली, "लवकर येऊ लागले, पण तोवर उशीर झाला होता."

ताईंनी तिचं म्हणणं खोडलं नाही.

पुढे कामाने तिला पुन्हा अधूनमधून गिळलं. मग रत्नाकर बँकेत फोन करी. आता ती तो घेत असे.