अनवाणी बावीस किलोमीटर

आमच्या घरात माझ्या नावापुढे लावायला एकच पदवी आहे, आरंभशूर. ती बायकोनं दिली आणि आईनं तिला दुजोरा दिला, त्यामुळे अपील करायला जागा उरली नाही. पुरावेही घरातच आहेत. माळ्यावर एक बासरी आहे, तिच्यातून सहा महिन्यांत एक 'सा' तेवढा धड निघाला. कायद्याच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आहे, दुसऱ्या वर्षाची नाही. पोहण्याच्या क्लासचं ओळखपत्र आहे, त्यावरच्या फोटोत मी फार उत्साही दिसतो. कुठलंही काम अर्ध्यावर आलं की मला दुसरं काहीतरी दिसायला लागतं, हा माझा स्वभाव. पन्नाशी जवळ आली तेव्हा मात्र त्याची लाज वाटायला लागली होती. एकदा तरी काहीतरी शेवटपर्यंत न्यावं, असं मनापासून वाटत होतं. घरात हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

पळणं सुरू झालं ते आमच्या घाटकोपरच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद पडली म्हणून. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तिसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभा राहिलो आणि भाजीच्या पिशवीतली कोथिंबीर नीट करतोय असं दाखवलं. मुलगी दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेली आणि वरून म्हणाली, "बाबा, कोथिंबीर घरी पण निवडता येते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जुने कॅनव्हासचे बूट घालून खाली उतरलो. हायवेच्या सर्व्हिस रोडला पळणाऱ्यांचा एक ग्रुप भेटला. एका शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक तो चालवायचे. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. सरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटांपाशी जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आज फक्त चाला. पळायची घाई झालेली माणसं महिनाभरात दिसेनाशी होतात." मी तो टोमणा मनावर घेतला. महिनाभर गेलो, मग दुसरा महिना, मग पावसाळाभर छत्रीवाल्यांच्या शिव्या खात गेलो.

त्या पहाटांचं ऋण माझ्यावर आहे, हे आज सांगून टाकतो. आमचं उपनगर मी जन्मापासून पाहत होतो, पण सकाळी सव्वापाचला ते कसं वागतं हे मला ठाऊक नव्हतं. सोसायट्यांचे वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून हात करायचे. दुधाचे क्रेट उतरवणारे लोक मला रस्ता द्यायचे, एरवी या गावात कोण कुणाला रस्ता देतो? चेंबूरला एका उडप्याचं शटर अर्धं वर झालेलं असायचं. तिथला म्हातारा मालक मला पाहिलं की काही न विचारता पाण्याचा ग्लास बाहेर आणून ठेवायचा. त्यानं मला माझं नाव कधी विचारलं नाही.

वर्षभरानं सर म्हणाले, "जानेवारीतल्या पूर्ण मॅरेथॉनचा फॉर्म भरा." बेचाळीस किलोमीटर. मी भरला. नोंदणी पक्की झाल्याचा मेसेज आला त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. बायकोला हे कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे, पेढे पास झाल्यावर वाटतात. तू फॉर्म भरल्यावर वाटलेस." चुकलं होतं खरं. पण आता सगळ्या खात्याला माहीत झालं होतं, माघार घ्यायची तर तोंड लपवायला लागणार होतं.

आणि मग नवरात्र आलं.

मी नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालत नाही. यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. त्या दिवसांत ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझ्यासारखे दोघे-तिघे अनवाणी असतातच. माझं कारण असं, की मुलगी चार वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट उतरत चालल्या होत्या आणि डॉक्टर सरळ बोलत नव्हते. तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून गावच्या देवीला बोललो होतो, की पोरगी घरी आली तर पाच वर्षं नवरात्र अनवाणी पाळीन. पोरगी घरी आली. पाचाची अकरा वर्षं झाली तरी मी थांबलो नव्हतो. खरं सांगायचं तर ही माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती, जी मी अर्ध्यावर सोडली नव्हती. म्हणून ती सुटू नये असं वाटायचं.

मागच्या वर्षी त्या नऊ दिवसांत मी पळायला सुट्टी घेतली होती. पण या वेळी सरांच्या सरावाच्या तक्त्यात नवरात्रातल्या रविवारी बावीस किलोमीटर लिहिलेले होते. व्रत मोडायचं नव्हतं आणि तक्ताही मोडायचा नव्हता. मी दोन्ही सांभाळायचं ठरवलं. सरांना मुद्दाम सांगितलं नाही, घरी सांगितलं की आज थोडंच पळणार आहे, आणि अनवाणी निघालो.

चेंबूरपर्यंत मजेत गेलो. पहाटेचा रस्ता गार होता. पाय जमिनीला लागतोय याचं सुखच वाटत होतं, उगाच बूट घालून वर्ष घालवलं असंही मनात येऊन गेलं. पुढे ट्रॉम्बेच्या वाटेवर झाडी दाट होती, तिथंही निभावलं. परतताना पाऊस उघडल्यावरचं ते कडक ऊन वर आलं आणि डांबर तापायला लागलं. रस्ता खोदून ठेवलेल्या जागी खडी पसरलेली होती. टाचा भाजतात म्हणून मी चवड्यांवर पळायला लागलो. सोळाव्या किलोमीटरला उजव्या पावलात आतून काहीतरी चमकलं. शहाणा माणूस तिथं रिक्षा करतो. मी मनात देवीचं नाव घेतलं आणि उरलेले सहा किलोमीटर लंगडत पुरे केले. घरी आलो तेव्हा तळव्यांना फोड होते आणि उजवं पाऊल जमिनीवर टेकवता येत नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांनी फोटो काढला. पावलाच्या एका हाडाला केसाएवढी चीर गेली होती. सहा आठवडे पळणं बंद, पायात बांधायला जाड बूट, तोही लगेच. म्हणजे उरलेले दिवस व्रतही गेलं. आई तळव्यांना लोणी लावत होती. ती रागावली की थेट मालवणीत शिरते. म्हणाली, "देवीक काय तुझे फोड व्हये होते? नवस फेडूचो असता रे, वाढवूचो नसता. पाच वर्सांचो तू अकरा केलंस, तो कोणासाठी?"

सरांना फोन केला. ते म्हणाले, "चप्पल न घालणं हे व्रत झालं. बावीस किलोमीटर पळणं हा सराव झाला. दोन्ही एकत्र करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता जे लिहितो ते लिहिताना अजूनही अवघडायला होतं. त्या रात्री जेवताना मी गंभीर चेहरा करून जाहीर केलं, की या वर्षी मॅरेथॉन नको. देवीच्या मनात नसेल. हे बोलताना मला आतून हलकं वाटत होतं. गेले दोन महिने मी बेचाळीस या आकड्याला घाबरत होतो. बासरी सोडताना, कायदा सोडताना माझ्याकडे धड सबब नव्हती. या वेळी सोन्यासारखी सबब मिळाली होती. लेकीच्या नवसापायी पाय मोडला म्हटल्यावर मला आरंभशूर म्हणायची कुणाची छाती होणार होती? ऑफिसात तर हात जोडले असते लोकांनी.

बायकोनं आमटीचं पातेलं ओट्यावर नेऊन ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली. बोलली ती मुलगी. ती तेव्हा दहावीला होती.

"बाबा, तू माझं नाव सांगून सोडतोयस."

मी म्हटलं, "तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"नवस माझ्यासाठी होता ना? मी बरी झाले. आता माझ्यामुळे तुझी मॅरेथॉन पण सुटली, असं सगळ्यांना सांगणार. मला नको ते. सोडायचं असेल तर सोड, पण मला भीती वाटते म्हणून सोडतोय असं सांग. माझ्यावर टाकू नकोस."

मी ताटावरून उठलो. पुढचे दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. एवढीशी पोरगी मला शिकवते, हा राग होता. खरा राग याचा होता की तिनं नेमकं ओळखलं होतं. तिसऱ्या दिवशी ती क्लासला निघाली असताना मी दारात जाऊन म्हटलं, "भीती वाटते गं. म्हणूनच." ती बूट घालता घालता म्हणाली, "हां. मग ठीक आहे." पुढे म्हणाली, "पण मग सोडतोयस की नाही?" मी नाही म्हटलं.

यानंतर जे काही झालं ते लोकांनी माझ्यासाठी केलं, मी फक्त सांगितलेलं ऐकलं. सरांनी मला पालिकेच्या तलावात छातीभर पाण्यात पळायला लावलं. त्या वेळी तिथं ज्येष्ठ महिलांची बॅच असायची. एक मी सोडून सगळ्या साठीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी त्या हसल्या, दुसऱ्या दिवसापासून मला एक लेन मोकळी ठेवायला लागल्या. त्यातल्या एकीनं आठवडाभरानं स्वतः केलेले नाचणीचे लाडू आणून दिले, "हाडांना चांगले," म्हणून. बायको संध्याकाळी माझे पायाचे व्यायाम मोजायची, आणि मी अठराला वीस म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू करायची. दिवाळी झाली, मग डॉक्टरांनी परवानगी दिली. सहा आठवडे वाया गेले होते, सरांनी वेग निम्म्यावर आणला. म्हणाले, "तुम्हाला फक्त बसच्या पुढे राहायचंय." सगळ्यात मागून एक बस येते, ठरलेल्या वेळेत न पोचणाऱ्यांना उचलायला. माझं सगळं ध्येय आता त्या बसच्या पुढे राहण्याएवढंच होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी तीस किलोमीटरपर्यंत मी माणसासारखा पळालो. पुढे पोटऱ्या आखडल्या. चढावर तर बाया-बापे मला चालत मागे टाकत होते. फुटपाथवर उभे असलेले अनोळखी लोक छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून हाका मारत होते. एका बाईनं उकडलेला बटाटा मीठ लावून हातात दिला, तेवढा गोड बटाटा मी जन्मात खाल्लेला नाही. तिचा चेहराही मी धड पाहिला नाही. आज ती भेटली तर पाया पडेन.

अडतिसाव्या किलोमीटरला बस मागून आली. दारात एक तरुणी उभी होती. ती फार प्रेमानं म्हणाली, "काका, बसा ना. खूप केलंत तुम्ही. पुष्कळ जण बसलेत." खिडकीत बसलेले लोक माझ्याकडे पाहत होते, एकानं सरकून जागाही केली. पंखा चालू होता. ती जागा मला आजही आठवते. माझ्यासाठीच ठेवल्यासारखी वाटली ती. मी तिला म्हटलं, "पोरगी उभी आहे माझी, तिकडे. तिला सांगायला माझ्याकडे कारण नाहीये." ती काय समजली कुणास ठाऊक. तिनं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि बस जरा हळू झाली. तिचेही उपकार आहेत.

मी पोचलो. वेळ संपायला थोडी मिनिटं बाकी होती. मंडप उतरवायला घेतले होते आणि टाळ्या वाजवायला फारसं कुणी उरलं नव्हतं. कुंपणाच्या पलीकडे बायको आणि मुलगी उभ्या होत्या. बायको आधीच रडत होती. मुलीनं कुंपण ओलांडून माझा दंड धरला आणि विचारलं, "दुखतंय?"

मी हो म्हटलं आणि रडायला लागलो. भर रस्त्यात, पन्नाशीचा माणूस, आवाज काढून. सुरुवातीला मला वाटलं पाय दुखतात म्हणून रडतोय. मग कळलं की हे रडणं जुनं आहे. अकरा वर्षांपूर्वी, ती वाचली असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडायला सुरुवात केली होती, आणि तेवढ्यात खालून औषध आणायला माझ्या नावाची हाक आली होती. मी तोंड धुऊन गेलो. ते तिथंच अर्धं राहिलं होतं.

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती फक्त माझा दंड धरून उभी राहिली. बायको पुढे होऊन मला गप्प करायला लागली, तेव्हा तिनं आईला हातानं थांबवलं आणि म्हणाली, "राहू दे गं. त्याला पूर्ण करू दे."