निंबाला विचारलेला प्रश्न

हुडकेश्वरकडे तेव्हा वस्ती नव्हती, नुसती शेतं होती. त्यांच्या कडेला पंचायतीच्या लोकांना शिकवायचं आमचं केंद्र होतं. दोन खोल्या, एक ओसरी आणि अंगणात कडुनिंब. मी शहरातल्या नंदनवन भागातून सायकलनं जायचे. आता डोळे मिटले तर रस्ता कुठे वळायचा तेही आठवत नाही, पण शेजारच्या बागेतल्या संत्र्याच्या फुलांचा वास अजून येतो. त्या वासानं दुपारी सगळ्यांनाच गुंगी यायची. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक बसल्या जागी पेंगायचे, आणि खरं सांगायचं तर शिकवता शिकवता मीही.

म्हणून जेवणानंतर मी निंबाखाली लुटुपुटीची ग्रामसभा भरवायचे. सरपंचाला गावकरी करायचं, एखाद्या सदस्याला अध्यक्ष, आणि ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं चारचौघांत विचारायचं. न बोलणाऱ्यांची मला भारी चीड. नळावर तुमची टकळी थांबत नाही, मग सभेतच कशी दातखीळ बसते, असं मी तोंडावर म्हणायचे.

एकदा रामटेककडच्या एका गावाहून धोतर-टोपीतले भारदस्त सरपंच आले, आणि त्याच गावची, पंचायतीवर बायकांसाठी राखीव जागेतून आलेली एक तिशीतली बाई. गावाला एक विहीर मंजूर झाली होती. सरपंचांना ती आपल्या गोठ्यामागं हवी होती. बाईची वस्ती नाल्यापल्याड. पावसाळ्यात नाला भरला की तिथली माणसं त्याचंच गढूळ पाणी प्यायची. त्या पाण्यानं तिची लेक मरता मरता वाचली होती. हे सगळं तिनं मला सकाळी ओसरीवर चहा पिताना सांगितलं. मग सभेत बोल की, मी म्हटलं. ती कपात पाहत राहिली.

दुपारी मी तिलाच अध्यक्ष केलं आणि सरपंचांना बरोबर समोर बसवलं. मोठी युक्ती केली असं मला वाटत होतं. बाईनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली ती घातलीच. माझा पारा चढू लागला, तेव्हा एका वयस्कर ग्रामसेवकानं हळूच सांगितलं की सरपंच तिचे भासरे, नवऱ्याचे वेगळे राहणारे थोरले भाऊ. भावजयीनं भासऱ्याशी बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही, ही रीत. ती लग्न होऊन आल्यापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. पंचायतीत ती सही करायची आणि उठून जायची. मी कपाळाला हात लावला.

सभा मोडावी म्हणून मी उठणार, तोच बाई वळली आणि झाडाच्या बुंध्याकडे पाहून बोलू लागली.

"निंबा, सरपंचायले इचार, इहीर गोठ्यामागं काहून? ढोरायले पानी पायजे, अन् आमच्या लेकरायले नाही?"

कुणी हसलं नाही. निंबाचा मोहोर गळत होता, तिच्या पदरावर, त्यांच्या टोपीवर. किती वेळ गळत होता कोण जाणे, मला ती दुपार संपलेली आठवतच नाही. मग सरपंचही झाडाकडेच पाहत म्हणाले, "निंबा, तिले सांग, हे नाटक होय. गावच्या सभेत इचारजो म्हना. तिथं जबाब देतो."

सुटले बुवा शिताफीनं, मी मनात म्हटलं. गावात ती कसली बोलते!

तरी पुढं त्यांच्या ग्रामसभेला मी गेले. मारुतीच्या मंडपात पुरुष पुढं, बायका मागं. ग्रामसेवकानं गोठ्यामागच्या विहिरीचा ठराव वाचला आणि कुणाला काही बोलायचं आहे का विचारलं. ती उठली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मंडपात झाड कुठलं? तशीच खाली बसली. माझा जीव तुटत होता. पण गाव त्यांचं, सभा त्यांची, मी पाहुणी. मला तिथं तोंड उघडता येत नव्हतं.

हात वर करा, असं ग्रामसेवक म्हणणार, एवढ्यात सरपंचांनी त्याला थांबवलं आणि शेजारच्या खांबाकडे तोंड केलं.

"खांबा, तिले सांग, म्या निंबाखाली शब्द देल्ला होता. ते देवीचं झाड होय. इचार म्हना."

ती पुन्हा उठली. त्याच खांबाला तिनं तोच प्रश्न विचारला, या वेळी सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा. सरपंचांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"खांबा," ते म्हणाले, "जबाब नाही माह्यापाशी."

विहीर नाल्यापल्याड, असा ठराव बदलून पुन्हा वाचला गेला. आधी मागचे, बायकांचे हात वर झाले, मग हळूहळू पुढचे, आणि सगळ्यांत शेवटी सरपंचांचा. मला रडू आवरेना. शिकवायला म्हणून मी आले होते, आणि आता नाक पुसायला पदर शोधत होते.

सभा उठली. सरपंच पायरीपर्यंत गेले, परत आले आणि खांबावर हात ठेवून उभे राहिले.

"आणखीन एक सांगजो तिले. नव्या इहिरीची पह्यली घागर आमच्या घरी धाड म्हना."

खांबाच्या पलीकडून तिचा आवाज आला, "भरून धाडतो म्हना."