पायरी कुठे संपते

आमची टीम बंद झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बरीच वर्षं मी सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. ते काम आता मशीनच करणार असं वर ठरलं, आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"एक जागा आहे," ते म्हणाले. "फोटोंवरून इमारतींची थ्रीडी मॉडेल्स बनवणारी टीम. पण त्यात भूमिती आहे, बरीच आहे. पावसाळ्यापर्यंत शिकून दाखवा, मग बघू."

हे "बघू" माझ्याबरोबर घरी आलं आणि मुक्कामालाच राहिलं. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, रिक्षाच्या रांगेत, सगळीकडे.

शाळेत भूमिती माझी आवडती होती. पक्ष, साध्य, सिद्धता असं एकाखाली एक लिहिलं की जीव शांत व्हायचा. या नव्या भूमितीत मात्र पहिल्याच धड्यात समांतर रेषा एकमेकींना मिळत होत्या. रुळांच्या फोटोत दोन रूळ लांबवर एका बिंदूत मिळतात ना, तो बिंदू इथे खराच धरायचा. अवकाशातली जागा सांगायला तीन आकडे पुरतात, इथे चार लिहायचे. चौथा शून्य असला तर तो बिंदू अनंतावर. वाचता वाचता मी खुर्चीतून उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. मला बसवतच नव्हतं. समजत नाही म्हणून नाही, अर्धवट समजतंय म्हणून.

कोपरच्या आमच्या घरी दोन खोल्या, त्यात मुलाची दहावी आणि सासूबाईंचा टीव्ही. म्हणून ऑफिस सुटलं की मी नौपाड्याला आईबाबांकडे जाऊन अभ्यास करायचे आणि मग घरी जायचे. त्यांची बिल्डिंग जुनी, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

बाबा एका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारणारे, ओळखीचा माणूस दिसला की अर्धा तास उभ्याने बोलणारे. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्यातली रक्तवाहिनी बंद पडली आणि त्या डोळ्याची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, दुसरा डोळा उत्तम आहे, काही अडणार नाही. खरंच काही अडल्यासारखं दिसत नव्हतं. पेपर वाचायचे, समोरच्या गॅलरीत कोण उभं आहे ते सांगायचे. फक्त तलावपाळी बंद झाली. विचारलं की गुडघा दुखतो म्हणायचे.

"गुडघ्याचं तेल आणून ठेवलंय," आई कुरकुरायची, "झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

मी ऐकायचे आणि परत पुस्तकात डोकं घालायचे. माझं मलाच पुरेसं झालं होतं.

ऑफिसात मला शिकवायला एक मुलगी दिली होती, कल्याणची, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. पहिल्या दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली. ते मला थोडं लागलंच. तिने अभ्यास दिला, एखादी खोली फोटोंवरून उभी करा. रविवारी मी नौपाड्याच्या हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि स्वतःभोवती फिरत फिरत ढीगभर फोटो काढले. एक कोपरा सुटू दिला नाही. प्रोग्राम चालवला तर खोली उभी राहिलीच नाही. नुसता ठिपक्यांचा चिखल.

तिने फोटो पाहिले आणि लगेच विचारलं, "ताई, तुम्ही एका जागी उभं राहून गोल फिरलात ना?"

"हो. सगळं यायला हवं ना."

"येतं सगळं, पण अंतर कळत नाही. मान कितीही फिरवा, काही उपयोग नाही. कॅमेऱ्याची जागा बदलली पाहिजे. आपण सरकलो की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. त्या फरकातून अंतर काढायचं."

मग तिने कागदावर दोन कॅमेरे काढले, समोर एक बिंदू काढला, आणि तिन्ही जोडून त्रिकोण केला. "एकाच कॅमेऱ्याने नुसती दिशा कळते. वस्तू त्या रेषेवर कुठेही असू शकते. दुसरा कॅमेरा आला की त्रिकोण पुरा होतो."

रविवार वाया गेल्याच्या रागात मी तो कागद पर्समध्ये कोंबला आणि नौपाड्याला गेले.

आईने चहा आणला. बाबांना बशीत ओतून प्यायची सवय. त्यांनी कप उचलला, तिरका केला आणि चहा बशीच्या अलीकडे, थेट टेबलक्लॉथवर सांडला.

"कप गळतोय तुझा," ते आईवर ओरडले.

आई फडकं घेऊन आली. टेबलावर चहाचे जुने डाग होते. मी आजवर ते पाहिलेच नव्हते. मी एक डोळा मिटला आणि हातातल्या पेनाला टोपण लावायला गेले. टोपण पेनाच्या बाजूने निघून गेलं. परत केलं, परत तेच. मी पेन खाली ठेवलं.

"बाबा," मी म्हटलं, "गुडघा नाही दुखत ना? जिना दिसत नाही ना तुम्हाला?"

त्यांनी बशी दूर सारली.

"दिसतो गं. जिना दिसतो, कठडा दिसतो. पायरी कुठे संपते ते दिसत नाही." मग आईकडे न बघता म्हणाले, "संक्रांतीच्या आसपास एकदा पाय हवेतच पडला. कठडा हातात आला म्हणून वाचलो."

आई फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. मला मात्र धीर कुठला! मी पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला, टेबलावर पसरला आणि सुरू झाले. एक डोळा म्हणजे एक कॅमेरा, पण कॅमेरा हलवला तर चालतं, म्हणजे तुम्ही मान डावीकडून उजवीकडे नेलीत तर...

"मी काय तुझा कॅमेरा आहे?" बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

पण पुढच्याच आठवड्यात आईने मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "चहा ओतताना मान हलवतात. मी बघितलं की थांबतात. पण आता सांडत नाही हो."

मग जिन्यावर ही युक्ती का चालत नव्हती? त्यांनी दाराशी उभं राहून करून पाहिलं होतं, तेही आईनेच सांगितलं. वरून बघताना सगळं सपाटच वाटतं, म्हणाले. मला उत्तर येत नव्हतं आणि उत्तर येत नाही तोवर मी कुठेच टिकत नव्हते. जेवताना ताटावरून उठले म्हणून नवऱ्याने विचारलं, "झालंय काय तुला?" मी म्हटलं, "जिना."

शेवटी मी त्या जिन्याचेच फोटो काढले. या वेळी नीट, जागा बदलत, खालून वर आणि वरून खाली. मॉडेल तयार झालं. कठडा सुरेख आला. भिंतीवरचे मीटर आले, वायरींची जाळी आली. आणि पायऱ्यांच्या जागी भोकं पडलेली एक घसरगुंडी.

कल्याणच्या मुलीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "या टाइल्स बघा. पांढऱ्या, चकचकीत, सगळ्या सारख्या. दोन फोटोंत तोच बिंदू परत ओळखता आला तरच त्रिकोण होणार. इथे ओळखायला आहेच काय? चमक दिसते, पण ती तुमच्याबरोबर सरकते. ती खूणच नाही."

गेल्याच वर्षी सोसायटीने जुन्या काळ्या फरशा काढून या टाइल्स बसवल्या होत्या. सगळ्यांनी कौतुक केलं होतं, मीसुद्धा.

"मग काय करतात अशा वेळी?"

"खुणा लावायच्या. रंगीत टेप, काहीही."

मी हाफ डे टाकला. गोखले रोडच्या हार्डवेअरच्या दुकानातून पिवळी टेप घेतली आणि भर दुपारी जिन्यात बसून प्रत्येक पायरीच्या कडेला चिकटवायला लागले. दुसऱ्या मजल्यावरून सुरुवात करून निम्मा जिना उतरले असेन, तोवर सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

"अहो, हे काय चाललंय? नव्या टाइल्स आहेत आपल्या!"

"काका, ऑफिसचं काम आहे. आणि बाबांना पायऱ्या दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे? पेपर वाचतात की! आणि असं उद्या प्रत्येकाने आपापल्या रंगाची पट्टी लावली तर? मीटिंगमध्ये विषय घ्यायला हवा होता तुम्ही."

मी काही बोलणार तेवढ्यात वर दार वाजलं. बाबा बाहेर आले होते. घरातला लेंगा, पायात चपला. पहिल्या पायरीशी उभं राहून त्यांनी मान कबुतरासारखी एकदा इकडे, एकदा तिकडे नेली. हात कठड्याच्या वर, पण कठड्याला न लावता. आणि पाय खाली टाकला.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरणार होते. आई त्यांच्या मागून म्हणाली, "राहू दे."

बाबा एकेक पट्टी बघत उतरले. सेक्रेटरी काका जिन्याच्या मधोमध उभे होते, तोंड अजून उघडंच.

"जरा बाजूला व्हा," बाबा म्हणाले, "मला उतरायचंय."

ते बाजूला झाले. पट्ट्या संपल्या तिथे बाबा थांबले. मी घाईघाईने त्यांच्या पुढे पुढे टेप लावत गेले आणि ते माझ्यामागून उतरत आले. खाली पोचल्यावर ते गेटबाहेर पडले आणि लेंग्यातच तलावपाळीच्या दिशेने चालू लागले.

तो तासभर मी गेट, गॅलरी, गेट अशा खेपा घातल्या. मागून जायला आईने सक्त मनाई केली होती. बाबा परत आले तेव्हा घामाने डबडबलेले होते आणि चिडलेले होते.

"रिक्षा किती लांब आहे तेच कळत नाही," म्हणाले. "लोकांच्या घोळक्यात घुसून रस्ता ओलांडला. उद्या बघतो परत."

माझ्या जिन्याच्या पायऱ्या दुसऱ्या खेपेला नीट आल्या. कल्याणच्या मुलीने विचारलं, "हा खरा जिना की खेळण्यातला? नुसत्या फोटोंवरून ते कळत नाही." म्हणून मी एका पायरीची उंची मोजून आणली आणि सगळ्या मॉडेलला माप मिळालं. साहेबांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि सोमवारपासून टीममध्ये बसायला सांगितलं. तिकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पट्ट्यांचा विषय निघाला. सेक्रेटरी काढूनच टाका म्हणत होते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठून म्हणाल्या, "आमच्याही मजल्यापर्यंत लावा." आता तिथे कायमचा पिवळा रंग आहे. टाइल्सवर तो जरा विचित्र दिसतो, हे मलाही मान्य आहे.

माझं बसवत नाही ते नाहीच. टीममध्ये माझ्या शेजारची सगळी मुलं माझ्यापेक्षा भराभर पुढे जातात. दोन फोटोंचं एकमेकांशी नातं सांगणारं एक कोष्टक आहे, नऊ आकड्यांचं. ते मला वापरता येतं पण ते तसंच का, हे अजून पुरतं कळलेलं नाही. आणि बाबांच्या चांगल्या डोळ्याची तपासणी आली की आदल्या दिवसापासून मला अन्न जात नाही.

परवा संध्याकाळी कोपरला दाराची बेल वाजली. बाबा उभे होते, एकटे. हातात आईने दिलेला डबा.

"तुम्ही आलात कसे?" माझा आवाज चढलाच. "स्टेशनचा जिना, प्लॅटफॉर्मची फट... फोन तरी करायचा!"

"पडलो असतो तर केला असता," ते म्हणाले आणि चपला काढून आत आले. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी चहा टाकायला वळले, पण साखरेचा डबा हातात घेऊन स्वयंपाकघर, दार, स्वयंपाकघर अशा खेपा घालत राहिले; शेवटी तो नवऱ्याला उघडावा लागला.