अध्यक्षांकडचा दुसरा खंड

ग्रंथालयशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी मी भाईंदर पूर्वेच्या एका सार्वजनिक वाचनालयात जात होते, त्याच दिवसांत बाबा घरी अंथरुणावर होते. आता करण्यासारखं काही नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं होतं. पुस्तक हातात धरवत नसे, म्हणून संध्याकाळी मी वाचून दाखवायचे. कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावाची दोन खंडांची कादंबरी आम्ही धरली होती. बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. त्यातली तरीवाल्याची, म्हणजे होडीने माणसं पलीकडे नेणाऱ्याची मुलगी त्यांना फार आवडली होती. पहिला खंड संपला तेव्हा ती घर सोडून होडीत बसली होती आणि पलीकडचा काठ अजून यायचा होता.

"दुसरा आण," बाबा म्हणाले.

पहिला खंड मी याच वाचनालयातून आणला होता. मुंबई सोडून आम्ही इकडे राहायला आलो तेव्हापासून बाबा तिथले सभासद होते. दुसऱ्या खंडाचं कार्ड पुस्तकांच्या तालिकेच्या खणात होतं, पण कपाटात जागा रिकामी होती आणि पुस्तक कुणाच्याही नावावर गेलेलं नव्हतं. म्हणजे चुकून दुसरीकडे लागलं असणार, असं मी धरलं. आम्हाला वर्गात तेच शिकवलं होतं, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यासारखंच. मी कपाटं एकेक करून उपसायला घेतली. धुळीने घसा बसला. ग्रंथपाल मॅडम टेबलावरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना त्यांनी विचारलं, "काय शोधतेयस गं एवढं?"

मी सांगितलं.

"तो अध्यक्षांकडे असतो," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या शोकेसमध्ये. तो आणि बरीच बाइंडिंगवाली. चांगली दिसतात ना."

"मग त्यांच्या नावावर का नाही?"

"अध्यक्षांच्या नावावर काय घालायचं? तू पण ना."

मी म्हटलं, वडील आजारी आहेत, मागवता येईल का. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "त्यांच्याकडे मागायचं नसतं. तपासणीच्या वेळी ते स्वतःहून पाठवतात. आता येईलच तपासणी."

दीड दिवस त्यांनी मला शोधू दिलं होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

तपासणीचं मी घरी सांगितलं तेव्हा बाबांना बरं वाटलं. सरकारी अनुदान मिळायचं तर पुस्तकं जागेवर दिसावी लागतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. "म्हणजे येईल," ते म्हणाले. तोवर मी पहिलाच खंड पुन्हा सुरू केला. दोन पानं झाली आणि ते म्हणाले, "हे वाचलंय. पुढचं वाच." पुढचं नव्हतं. दादरला दुकानांत विचारून झालं होतं, ती कादंबरी छापणं कधीच थांबलं होतं. बाबा डोळे मिटून पडून राहत आणि मधेच विचारत, "पोहोचली असेल का गं ती?"

तपासणीच्या सकाळी वाचनालयाला कळा आली. समितीतल्या प्रत्येकाच्या घरून पिशव्या आल्या. शिपाईकाका एकेक पुस्तक पुसून मला देत होते आणि मी वर्गांक बघून लावत होते. "पोरी माहेरी आल्यात," काका म्हणाले. "संध्याकाळी परत सासरी. रडायचं नाय." मॅडमही हसल्या. मला हसू आलं नाही. दुसरा खंड माझ्या हातात होता. त्याच्या पानांवर बोटांचा एकही डाग नव्हता.

"मॅडम, बाबांचं कार्ड आणलंय मी. नोंदवून घेऊ?"

"आज देवघेव बंद. साहेब येतायत."

"ते गेल्यावर?"

"गेल्यावर बघू."

तपासणीसाहेब आले, शहाळं प्यायले, कपाटांवरून नजर फिरवून समाधानाने मान हलवली. अध्यक्ष त्यांना वाचनसंस्कृतीबद्दल सांगत होते. इंद्रलोक काय, नया नगर काय, सगळीकडून वाचक येतात, म्हणाले. मी त्या कपाटापाशी उभी राहिले. साहेबांची गाडी निघाली तसा मी खंड काढला, त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातल्या कार्डावर बाबांचं नाव आणि सभासद क्रमांक लिहिला आणि टेबलावर नेला. अध्यक्षांचा ड्रायव्हर दारात रिकामी पिशवी घेऊन उभा होता.

मॅडमनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. हिसकावलं नाही, घेतलं. "बेटा, मला इथे अजून नोकरी करायचीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. कार्डावरच्या बाबांच्या नावावर त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "मिळालं?"

"उद्या," मी म्हटलं.

त्या आठवड्यात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर प्रात्यक्षिकाला परत जाण्याआधी मी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी मला ओळखलं, बसवलं, घरातून सरबत आणवलं. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, म्हणाले, आणि ते खोटं नसावं. शोकेस त्यांच्या मागेच होती. मी खंडाकडे बोट दाखवून सगळं सांगितलं.

"अरे, एवढंच?" ते म्हणाले. "मला सांगायचं ना. दिलं असतं मी. घेऊन जा."

इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. माझा आवाज मुळात लहान आहे, तो तेव्हाही चढला नाही. "तुम्ही द्यायचा प्रश्नच नाही," मी म्हटलं. "ते वाचनालयाचं आहे. बाबा सभासद होते."

"तेच म्हणतोय मी, घेऊन जा."

त्यांना कळलं नाही. मी शोकेस उघडली, खंड घेतला. सरबत तसंच राहिलं. तिथून सरळ वाचनालयात गेले आणि घरून सोबत आणलेला पहिला खंड कपाटात ठेवून त्याच्या शेजारी, दुसऱ्याच्या जागेवर, हा लावला.

मॅडम जवळ आल्या. "तुझ्या नावावर घालू का?" त्यांनी विचारलं. "आता तू तरी वाच."

"नको."

"मग काय करायचंय त्याचं?"

"इथे राहू दे. कुणी सभासद मागेल त्याला द्या."

प्रात्यक्षिकाचे दिवस उरले होते. माझी खुर्ची तालिकेच्या खणांपाशी असे, ती मी ओढून त्या कपाटासमोर नेली आणि तिथे बसून लेबलं चिकटवू लागले. येण्याजाण्याची वाट अडते म्हणून मॅडमनी ती दोनदा उचलून परत ठेवली.  दोन्ही वेळा मी खुर्ची पुन्हा कपाटासमोर आणली.