देवासच्या शेवयांचा हिशेब

प्रिय नील आणि तारा,

"आजी, या वयात एकटी कुठे निघालीस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा घाईत होते, आता नीट सांगते. देवासच्या आपल्या दत्तमंदिरात नव्या फरश्या बसताहेत. आवराआवरीत निघालेलं पोथ्यांचं एक गाठोडं क्षिप्रा नदीत सोडायचं ठरलं होतं. ते मोडीत (मराठीची जुनी, हात न उचलता लिहायची लिपी) आहे, असं कानावर आलं. आयुष्यभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण मोडी वडिलांनी घरीच शिकवली होती. तुम्ही दोघं ती शिकायचं मनावर घेईपर्यंत नदी थांबली नसती, म्हणून मीच निघाले.

आधी धारला, माझ्या माहेरी उतरले. चुलत बहीण मालूताईने बाफले (कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे) वाढले. ते खाल्ल्यावर माणूस बसल्या जागी झोपतो. मी झोपले आणि देवासची गाडी चुकली.

"नदी काय पळून जातेय?" मालूताई म्हणाली.

"नदी नाही, गाठोडं. उद्या सकाळी सोडताहेत."

"मग आज आणखी एक खा. उद्या लवकर उठवते."

तिने खरंच अंधारात उठवलं. इंदूरला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला आला होता. देवासची टेकरी दिसू लागली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मंदिराबाहेर रिक्षा उभी होती. आत पाटावर गाठोडं, त्यावर हळदकुंकू आणि झेंडू. मंदिराचे कारभारी वसंतराव सोवळं नेसून तयार, त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी नारळ घेऊन उभ्या.

"भिया, चलना है के नी?" रिक्षावाल्याने बाहेरून विचारलं.

"दोन मिनट," वसंतराव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "या आत्याबाई. वेळेवर आलात. दर्शन घ्या, पोथी निघाली."

मी दर्शन घेतलं आणि गाठ सोडली. वरचंच पान वाचलं. गूळ, तूप, समईचं तेल, कीर्तनकारांच्या बैलांना कडबा.

"वसंतराव, ही पोथी नाही. उत्सवाच्या खर्चाच्या वह्या आहेत."

कुसुमवहिनींनी नारळ खाली ठेवला. "म्हणजे आमच्या आजेसासूबाई रोज गुळाच्या हिशेबाला फूल वाहत होत्या?"

"कडब्यालाही."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. वसंतराव मात्र सुटल्यासारखे म्हणाले, "मग नदीपर्यंत जायला कशाला पाहिजे? हिशेबच आहे तर रद्दीवाल्याला देऊन टाकू. फालतूमें जागा अडते."

मी खरं बोलून गाठोडं नदीतून काढलं आणि रद्दीत घातलं होतं. आता उपाय एकच, वाचत राहायचं. मी मोठ्याने वाचू लागले. पंगतीला जिलबी कमी पडली, फिरून कढई चढवली. मृदंगवाला रुसला, त्याला नवं उपरणं. मग हे आलं: 'बळवंतराव कारभारी यांचे कुटुंब (म्हणजे पत्नी) सगुणाबाई, शेवया वळण्याबद्दल दोन आणे. जाड वळल्या, सबब अर्धा आणा वजा.'

वसंतराव पाटाशी बसले. "बळवंतराव माझे पणजोबा. नाव काय म्हणालात?"

"सगुणाबाई."

पितृपक्षात पणजीचंही नाव घ्यावं लागतं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून गुरुजींच्या सांगण्यावरून वसंतराव दर वर्षी तिच्या नावाच्या जागी 'गंगा' म्हणत आले होते.

"म्हणजे इतकी वर्षं सगुणाबाईंच्या वाटचं कुणी भलतीच जेवून गेली," वहिनी म्हणाल्या. "आणि शेवया जाड वळायची रीत तुमच्या घरची आहे. उगाच माझ्या माहेराला नावं ठेवता."

वसंतराव हसले नाहीत. त्यांनी झेंडू अलगद बाजूला केला, पान जपून मिटलं आणि बाहेर जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवलं. आत येऊन म्हणाले, "आत्याबाई, पुढचं वाचा. माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव कुठे सापडतंय का बघा."

संध्याकाळपर्यंत वाचलं. शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि आपापल्या घरच्यांची नावं विचारू लागल्या. परतीच्या गाडीत माझा आवाज बसलेला होता. मनात येत होतं, आपल्या लोकांनी वंशावळीत बायकांची नावं गाळली, पण पैसे कापताना बरोबर लिहिली.

गेल्या वर्षी अशीच काही गाठोडी क्षिप्रेत सोडली, ती गेलीच. हे एक उरलं आहे. ते देवासच्या मंदिरात कोरड्या कपाटात आहे, आणि ते वाचता येणारी एक म्हातारी अजून हयात आहे.

तुमची आजी