अर्ध्या शिंगाचा बैल

लोकांचे बैल विकले गेले, म्हणून आमचा धंदा वाढला.

हे वाक्य माझं नाही, मोठी मायचं आहे.
मोठी माय म्हणजे माझी मोठी काकू. काल सकाळी ती गेली.
पोळा तोंडावर, अंगणात मातीचे बैल वाळत पडलेले, आणि ही बाई निघून गेली.

दिग्रसला आमचं कुंभाराचं घर. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, हा आमच्यातला नियम. (कोणी केला माहीत नाही. बाईनं नक्कीच नाही.)

माठ, रांजण मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, घडवायचे. उरलेल्या मातीचे मोठी माय पोळ्यासाठी बैल करायची. हातानं, एकेक.

मग घरोघरी फ्रीज आले. माठ पडून राहायला लागले.
त्याच वर्षांत कापसानं लागोपाठ दगा दिला. आजूबाजूच्या गावांतले गोठे रिकामे झाले.
पण पोळा थोडाच थांबतो? पूजेला बैल तर हवाच. लोक आमच्या दारात यायला लागले.

मोठी माय प्रत्येकाला विचारायची, "कसा होता जी तुमचा?"

कोणी सांगायचं, कपाळावर चांद होता. कोणी सांगायचं, शेपटी काळी होती. ती तसाच रंगवून द्यायची.
माणसं त्या मातीच्या बैलाला नावानं हाक मारत घरी न्यायची. मी पाहिलंय.

धंदा वाढला. महागाव, पुसदहून ऑर्डरी आल्या. मोठे बाबांनी साचा आणला.
घरामागच्या टिनाच्या शेडला आम्ही ऐटीत 'कारखाना' म्हणायला लागलो. आमच्याकडेही फ्रीज आला!

साच्यातून सगळे बैल सारखेच निघायचे. पांढरे, लाल झुलीचे.
'कसा होता' विचारायला आता वेळ कोणाला होता?

एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी एक काका दुकानात आले. त्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकतात.

"माह्या बैलाचं डावं शिंग अर्धं होतं. तसा भेटन काय?"

मोठी मायनं मातीत हात घातलासुद्धा. मोठे बाबांनी अडवलं.
"खंडित पुजत नाई बाप्पा. हा घ्या, चांगला हाय."

काकांनी साच्यातला बैल हातात घेतला. फिरवून फिरवून पाहिला.
"हा माहा नाही जी. आज खांदे कोनाचे शेकू मी?"

बैल खाली ठेवला आणि निघून गेले.

मोठी माय तेव्हा काही बोलली नाही. पुढे मात्र आयुष्यभर तेच बोलत राहिली.
"मी काहून चूप बसली वं? जित्ता होता तवा तसाच पुजला असन ना त्यानं. मंग मातीचा काहून नाही चालत?"

दुसऱ्या वर्षापासून ती दर पोळ्याला एक बैल हातानं घडवायची. डावं शिंग अर्धं. दुकानात सगळ्यात पुढे ठेवायची.

गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, हा तुटला."
"तुटला नाही. तसाच हाय तो."

माझ्या भावानं एकदा त्यावर 'डिफेक्ट पीस' अशी चिठ्ठी लावली. त्या दिवशी त्याच्या ताटात नुसतं तिखट होतं.

ते काका परत आले नाहीत.
मी म्हणायची, "अगं, घेतले असतील त्यांनी खरे बैल."
"असन," म्हणायची. आणि रस्त्याकडे बघत बसायची. दुकान आवरताना त्या मातीच्या बैलाचे खांदे स्वतःच लोणी-हळदीनं चोळायची.

तो बैल तिनं कधीच रंगवला नाही. मला वाटायचं, कंटाळा करते.

आज सकाळी मोठे बाबा यंदाचा बैल मांडीवर घेऊन बसले होते. 'खंडित पुजत नाई' म्हणणारे तेच मोठे बाबा. मला म्हणाले,
"तू लिहितं ना फोनवर? मंग लिही. त्या मानसाले बैलाचा रंग इचारायचा राह्यला. म्हनून तुही मोठी माय हा बैल रंगवत नव्हती. मी इचारूच नाही देल्लं तिले."

एवढं बोलले आणि रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून लिहितेय.
काका, तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी हे वाचत असेल, तर दिग्रसला या. तुमचा बैल आमच्याकडे आहे. शिंग बरोबर आहे.
कसा होता जी तुमचा?

मोठी माय, तू निवांत जा.
आता आम्ही विचारत जाऊ.