सुट्टीवर आलेला नवरदेव

मुलीचा बाप उठून उभा राहिला. अर्धा भरलेला चहाचा कप त्याने खाली ठेवला आणि बहिणीला म्हणाला, "चाल वं, ड्रायव्हरले गाडी काढाले सांग."

बैठकीत कोणी हललं नाही. माझ्या मुलाने मान खाली घातली. सून पोह्यांची दुसरी ताटली घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ माझ्याकडे असा पाहत होता, जसं काही मी त्याच्या घरावर दगड टाकला. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता तो माझा नातू, कंपनीचा निळा शर्ट घालून, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसला होता.

मी फार काही बोलले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "ऊठ बाबा, साडेनऊ वाजले. कळ्या सुकून राह्यल्या तिकडं. कंपनी सोडून तुले आठ महिने झाले, आता काय तो शर्ट घालून बसला."

नातू तेव्हा एकतीसचा होता. आमचं शेत दुसरबीडच्या रस्त्याला लागून आहे. आमच्या भागात शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, बियाण्याची मिरची करतात. खायची मिरची वेगळी, ही वेगळी. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्याने उघडायची, आतला नर काढून टाकायचा, खूण म्हणून देठाला लोकरीचा दोरा गुंडाळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाची पूड बोटाने त्या कळीला लावायची. ऊन चढायच्या आत लावली तर मिरची धरते. उशीर झाला तर कालचं सगळं काम वाया. याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. नातवाचा हात यात चांगला होता. लोक त्याचा प्लॉट पाहायला यायचे.

पण मुलीचे बाप प्लॉट पाहायला येत नव्हते. सतरा ठिकाणांहून नकार आला. सगळीकडून एकच उत्तर: मुलगा चांगला आहे, पण शेती करतो. आमच्या एका गल्लीत नातवाला धरून तिशी ओलांडलेली सात पोरं बिनलग्नाची होती. संध्याकाळी सातही जण एकाच ओट्यावर बसून मोबाइल पाहायचे. मी त्या पोरांना दोष देत नाही, आणि मुलींच्या बापांनाही देत नाही. मी माझी स्वतःची मुलगी नोकरदाराला दिली. शेतकऱ्याचं स्थळ आलं होतं, मीच नाही म्हटलं. दुसरी गोष्टही सांगते. आज जे म्हातारे नातवासाठी मुली शोधत गावोगाव फिरतात, त्यातल्या काहींनी आपल्या सुनांना मुली होऊ दिल्या नाहीत. तेव्हा कोणी लाजलं नाही. आता मुली कमी का पडल्या म्हणून विचारतात.

मध्यस्थ माझ्या सुनेचा लांबचा भाऊ. त्यानेच सुचवलं की पोराला पुण्याला कंपनीत पाठवा, लग्न जमलं की परत आणा. नातू गेला. दोन वर्षं बारा-बारा तास उभा राहिला. राहायला एक खोली, तिच्यात आठ पोरं. आठही आमच्याकडची, आठही लग्नासाठी गेलेली. त्यांच्यातल्या एकाचंही जमलं नाही. संक्रांतीला नातू घरी आला आणि म्हणाला, "आजी, मले नाही होत हे." मी म्हटलं, "मग नको करू." त्याच दिवशी तो शेतात गेला.

सुनेला ते पटलं नाही. तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की आता येईल ते स्थळ शेवटचं, तेही गेलं तर मुकाट्याने परत पुण्याला जायचं. हे अठरावं स्थळ होतं, जानेफळकडचं. म्हणून मध्यस्थाने सगळं ठरवलं. मुलगा कंपनीत पर्मनंट आहे, सुट्टीवर आला आहे, आणि रस्त्याकडेचं शेडनेट भाऊबंदाचं आहे, असं सांगायचं. पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. पाहुणे रविवारी येणार होते, ते गुरुवारीच सकाळी निघाल्याचा फोन आला. आदल्या दुपारी आम्ही सगळ्या प्लॉटच्या कळ्या तयार करून ठेवल्या होत्या. कामाच्या बाया त्या दिवशी गावात भंडारा म्हणून आल्या नव्हत्या. सुनेने नातवाचे चिखलाचे बूट टाकीमागे लपवले, चिमटा पिठाच्या डब्यात टाकला, आणि ट्रंकेतून तो शर्ट काढला.

पाहुणे आले. बाप, बापाची बहीण, आणि मुलगी स्वतः. पहिल्यांदा मुलीकडचे मुलाच्या घरी येतात आणि मुलगीही सोबत असते, असं माझ्या वेळी कोणी ऐकलं नव्हतं. मला पाहायला आले तेव्हा मला अंगणात चालवून पाहिलं, केस सोडायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला. आता सोफ्यावर माझा नातू बसला होता आणि मुलीची आत्या त्याला तपासत होती. खरं सांगते, मला मजा येत होती.

"स्वयंपाक येते का?" आत्याने विचारलं.

"भात येते."

"अन भाजी?"

"पुण्याले अंडी करत होतो."

"म्हणजे आमच्या पोरीनं अंड्यावर राहाव."

मुलगी हसली. नातूही हसला, पण घड्याळाकडे पाहत. मग बापाने विचारलं, "नोकरी पर्मनंट आहे ना?"

नातू काही बोलायच्या आत मध्यस्थ म्हणाला, "पर्मनंटच धरा."

एकदा खोटं सुरू झालं की त्याला वेळ लागतो. पगार, ड्यूटी, खोली, खोलीपासून बसस्टॉप. साडेनऊ झाले. बाहेर ऊन तापायला लागलं. नातू सरकत सरकत सोफ्याच्या टोकाशी आला होता. माझी नजर आता कळीवर चालत नाही, नाहीतर मीच उठून गेले असते. मग मी बोलले ते बोलले.

बाप उठला तसा नातूही उठला. मला वाटलं, हा आता हात जोडेल. त्याने गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, शर्टाची बटणं सोडली, बनियनवर उभा राहिला आणि बापाला म्हणाला, "चुकलं आमचं. माफ करा. मले आता जाव लागन." मग स्वयंपाकघरात गेला, पिठाच्या डब्यातून चिमटा काढला आणि कोपरापर्यंत पांढरा होऊन मागच्या दाराने निघाला.

मध्यस्थ माझ्यावर ओरडला, "बुढे, तुझ्यानं एक तास तोंड बंद राहत नोयतं?"

"नोयतं," मी म्हटलं.

बाप दारात चपला शोधत होता. तेव्हा मुलगी माझ्याकडे वळली. तोवर ती कोणाशी फारसं बोलली नव्हती.

"मिर्ची आहे का?"

"हाव."

"कालच्या कळ्या? अन आज एकाही ओळीले लावलं नाही?"

"चार ओळी झाल्या पहाटं. बाकी तशाच आहे. बाया नाही आल्या."

तिने हातातली पर्स आत्याच्या मांडीवर ठेवली. साडीचा पदर कमरेला खोचला.

बाप म्हणाला, "कुठं चालली?"

"सुकू द्याच्या काय मंग?" ती म्हणाली आणि नातू गेला त्याच दाराने गेली.

नंतर कळलं की देऊळगावराजाकडे तिच्या मामाचं शेडनेट होतं. दहावीपासून दर सुट्टीत ती तिथे क्रॉसिंग करायची. ज्याने हे काम केलं आहे त्याला कळ्या सुकताना पाहवत नाही. माणूस भांडणात असो की सोयरिकीत, हात तिकडेच जातो. सून तिच्या मागे गेली. माझा मुलगा गेला. मध्यस्थ एकटाच बैठकीत पोहे खात राहिला.

मी शेडनेटच्या दाराशी उलट्या क्रेटवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मुलीचा बाप आला. आत्या गाडीत बसून राहिली होती. मी दुसरा क्रेट पायाने पुढे सरकवला. त्याला बसायचं नव्हतं, पण ऊन होतं, तो बसला.

"मावशी, खोटं काऊन बोलले तुम्ही?"

"खरं बोललो असतो त तुम्ही आले असते का?"

त्याने रुमालाने घाम पुसला. मग म्हणाला, "तिची माय जलमभर शेतात राबली. कंबरेचं ऑपरेशन झालं तिच्या. पोरीले तसं नको म्हणून नोकरीवाला पाहून राह्यलो. काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही. मीही माही पोरगी नोकरीवाल्यालेच देली."

आत जाळीखाली मुलीचा आवाज येत होता. ती नातवाला म्हणत होती, "तुमचा हात लय जड आहे. दांडा तुटन कळीचा. बोट असं धरा."

"मी पाच वर्षं झाले करून राह्यलो हे," नातू म्हणाला.

"मंग पाच वर्षं झाले तोडून राह्यले."

माझी सून हसली. आठ महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मी बापाला विचारलं, "तुमाले मुलगा आहे का?"

"आहे एक. हिच्याहून मोठा."

"काय करते?"

"पुण्याले आहे. कंपनीत."

"पर्मनंट?"

तो जाळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पर्मनंटच धरा."

मला आधी खोकला आला आणि मग हसू आलं, ते थांबेना. तो माझ्यावर रागावणार होता, तेवढ्यात त्यालाही हसू फुटलं. आम्ही दोघं क्रेटवर बसून इतके हसलो की माझा मुलगा बाहेर येऊन विचारू लागला काय झालं.

"त्याचं जमलं का कुठं?" मी डोळे पुसत विचारलं.

"नाही न मावशी. बारा जागी नाही म्हनले."

"आमाले सतरा झाले. तुमचे पाच बाकी आहे."

अकराच्या सुमाराला सगळे बाहेर आले. घामाने भिजलेले. दोन ओळी राहिल्या, बाकी सगळा प्लॉट झाला. मुलीच्या नव्या साडीवर पिवळी पूड पडली होती. माठातलं पाणी पिऊन तिने सुनेला स्पष्ट सांगितलं, "मी हो म्हटलं नाही. काम होतं म्हणून केलं." मग पर्स घेतली आणि गाडीत जाऊन बसली. बाप जेवायला थांबला नाही, पण चहा पुन्हा मागून घेतला आणि पूर्ण प्यायला.

पुढे दीड महिना काही कळलं नाही. सुनेने नातवाची बॅग भरायला घेतली होती. मी तिला म्हटलं, दिवाळी होऊ दे. मुलीने ज्या ओळी केल्या होत्या त्या नातवाने ओळखून ठेवल्या होत्या आणि तिथे दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता.

दिवाळीच्या आधी दोन दिवस तिचा फोन आला. माझ्या मुलाच्या मोबाइलवर केला होता, त्याने मला दिला. नमस्कार नाही, तब्येत नाही. म्हणाली, "आजी, माझ्या ओळी धरल्या का?"

मी नातवाला हाक मारली. तो फोन घेऊन शेडनेटमध्येच गेला. तिच्या ओळींत मिरची भरपूर धरली होती, लाल व्हायला लागली होती. त्याच्या ओळींपेक्षा जास्त होती आणि त्याने ते तिला सांगितलं. दुसरा कोणी असता तर सांगितलं नसतं. तो अर्ध्या तासाने बाहेर आला. सून दारात उभी होती.

"काय म्हनली?"

"म्हनली, हात हलका ठेवत जा."

"अजून?"

"पुन्याले जाचं नाही, खोटं बोलाचं नाही, अन शेडनेटमध्ये तिच्या ओळी वेगळ्या."

सुनेने भरलेली बॅग पलंगावर उलटी केली. मुलीच्या बापाला आणखी महिना लागला. त्याला घाई नको होती आणि त्याचं बरोबर होतं. तो दोन वेळा एकटाच आला, विहिरीचं पाणी पाहिलं, मुलगी काम करून थकली तर कोण स्वयंपाक करेल ते माझ्या सुनेला समोर बसवून विचारलं. सून म्हणाली, "हा करन. अंडी येते त्याले." लग्नात मध्यस्थ फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे नाचला आणि जो भेटेल त्याला सांगत होता की ही सोयरीक त्यानेच जुळवली. कोणी त्याला अडवलं नाही.

आता ती सकाळी सहाला शेडनेटमध्ये असते. कधी नातू रागावतो, कधी ती. दोघांचे हात सारखे चालतात. तिच्या भावाने पुणे सोडलं, त्याचं लग्न अजून नाही. गल्लीतल्या सात पोरांपैकी पाच अजून त्याच ओट्यावर बसतात. एकाचं लग्न झालं, ते नातवाचं. दुसरा पोलिसात गेला.

त्या सकाळी आमच्या घरात मी होते, माझा मुलगा, सून, नातू, ती मुलगी, तिचा बाप, तिची आत्या आणि मध्यस्थ. आठही जण आज हयात आहोत, खोटं वाटलं तर कोणालाही विचारा.